देऊन टाका

माझी आत्या रोज सकाळी अख्ख्या डेपोला उदार व्हायला सांगते आणि स्वतःची छत्री मात्र कुणाला देत नाही. हे मी तिच्या तोंडावर म्हटलेलं आहे, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही. तिचं उत्तर ठरलेलं असतं. "छत्री गेली की परत येत नाही. विचार दिला तरी आपल्याकडे राहतोच."

आत्या बस डेपोत घोषणा करते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा सुटेल, कुणाची पिशवी बाकावर राहिली, हे सगळं ती काचेच्या खोलीतून माइकवर सांगते. खोली इतकी चिमुकली आहे की खुर्ची मागे सरकवली तर दार उघडत नाही. पहिल्या गाड्या सुटायच्या आधी ती 'आजचा विचार' सांगते. हे काही तिच्या कामात बसत नाही. पूर्वीचे एक मॅनेजर एकदा वैतागून म्हणाले होते, "बाई, रोज सकाळी हॅलो हॅलो करून कान किटवता, त्यापेक्षा चार चांगले शब्द बोला." ते चिडून बोलले होते, हिनं मनावर घेतलं. मॅनेजर बदलून गेले, विचार राहिले.

हे विचार तिला भांडी घासताना सुचतात. विषय फिरून फिरून तेच. द्यावं कसं, मन मोठं कसं ठेवावं, दुसऱ्याचं दुखणं आपलं कसं मानावं. भाषा जरा पुस्तकी. 'देणाऱ्याने हात आखडू नये', 'समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे', अशा थाटाची. आपलं बोलणं कुणी ऐकत नाही याची तिला पक्की खात्री होती. त्या वेळी कंडक्टर चहाच्या मागे असतात, ड्रायव्हर काचा पुसत असतात आणि प्रवाशांचा सगळा जीव खिडकीच्या जागेत अडकलेला असतो. "ऐकतंय कोण?" ती म्हणायची. "पण बोललं की माझा दिवस बरा जातो."

कुणी ऐकत नाही म्हटल्यावर माणूस निर्धास्त बोलतो. तिथेच घात झाला.

त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. कारण क्षुल्लक होतं. मी हौसेनं घेतलेली व्यायामाची सायकल बाल्कनीत उभी आहे आणि तिच्यावर आम्ही टॉवेल वाळत घालतो. आत्याचा टॉवेल तिच्या चाकात अडकून फाटला. ती काय काय बोलली, मीही बोलले. मग ती फणकाऱ्यानं डेपोत गेली आणि जे मला ऐकवायचं राहिलं होतं ते तिनं माइकवर ऐकवलं. त्या दिवशी पुस्तकी भाषा वगैरे काही नाही. ती म्हणाली, "घरात जे पडून आहे ते देऊन टाका. नुसतं अडवून कशाला ठेवता? ज्याला उपयोग आहे त्याला मिळू दे."

मला ते ऐकूच गेलं नाही. मी घरी होते, आणि सायकल अजून बाल्कनीत आहे. ऐकलं ते सावकाशनं.

सावकाश हा डेपोतला एक ड्रायव्हर. हे त्याचं नाव नव्हे, पण आता त्याचं खरं नाव हजेरी घेणाऱ्यालाच ठाऊक असेल. तो गाडी जपून चालवतो, रस्त्यात कुत्रं आडवं आलं तर ते पूर्ण पलीकडे जाईपर्यंत थांबतो, आणि कुणी घाई केली की "सावकाश, सावकाश" म्हणतो. भला माणूस. इतका भला की कधीकधी त्याच्या भलेपणाचा राग येतो. आत्याचा विचार तो रोज गाडीच्या पायरीवर बसून ऐकायचा आणि नुसता ऐकून सोडायचा नाही. 'रागावण्याआधी पाणी प्या' असं आत्या बोलली तेव्हापासून तो गाडीत बाटली ठेवतो. हे सगळं आम्हाला नंतर कळलं, त्याच्या बायकोकडून.

ती एके दुपारी थेट काचेच्या खोलीपाशी आली. मी आत्याचा डबा द्यायला गेले होते. सडपातळ बाई, पदर घट्ट खोचलेला, आणि हात थरथरत होते. मला वाटलं रागानं. पण तो तिचा जुना आजार आहे.

"माइकवर बोलता त्या तुम्हीच का?"

"हो. काही हरवलंय का?"

"हरवलं नाही. तुम्ही दिलंत."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं, मी आत्याकडे. दोघींनाही काही बोध होईना. मग त्या बाईनं उभ्याउभ्या सगळं सांगितलं. तिच्या आईनं तिला दिलेली पायाची शिलाई मशीन घरात खाटेशेजारी होती. हात थरथरायला लागल्यापासून सुईत दोरा ओवता येईना, म्हणून शिवण बंद पडलं. मशीनवर कापड घालून ती औषधं आणि पाण्याचा तांब्या ठेवायची. ती बहिणीकडे गेली असताना नवऱ्यानं मशीन उचलली आणि डेपोमागच्या गल्लीतल्या एका शिवणवालीला नेऊन दिली. बायकोची गैरसोय नको म्हणून खाटेशेजारी नवं टेबल आणून ठेवलं. वर तेच कापड घातलं, तांब्यासुद्धा आधीच्याच जागी.

"मी विचारलं तर म्हणतात, पडून होती ना, देऊन टाकली," ती म्हणाली. "ताई, ती पडून नव्हती हो. ठेवलेली होती."

आत्या काहीतरी बोलायला गेली, पण बाई थांबणाऱ्यातली नव्हती.

"आणि तुम्ही नुसतं 'द्या' म्हणाला असतात, तर त्यांनी मला विचारलं असतं. तुम्ही म्हणालात, देऊन टाका. टाकायच्या वस्तूसाठी कोण कुणाला विचारतं?"

खरं सांगते, एवढी वर्षं मराठी बोलतेय, पण 'देणं' आणि 'देऊन टाकणं' यांच्यात एवढं अंतर असेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आत्याच्याही आलं नसावं. तिनं त्या दुपारची एक घोषणा चुकवली आणि दुसरी चुकीच्या फलाटाची केली. काही प्रवासी पिशव्या घेऊन इकडून तिकडे पळाले आणि शिव्या देत परत आले.

पाळी संपल्यावर आम्ही तिघी शिवणवालीकडे गेलो. जाताना आत्याचं ठरलं होतं. ज्याची वस्तू त्याला मिळायला हवी, त्यात चर्चा कसली? गल्लीच्या तोंडाशी ती मला हळूच म्हणाली, "पण तिचं पोट त्यावर असलं तर गं?" दारापर्यंत पोचेतो तिचं काहीच ठरलेलं नव्हतं.

शिवणवालीचं घर म्हणजे एक खोली, आणि खोलीत जिकडेतिकडे बसच्या सीटची कव्हरं. हिरवी, जाड, टोचणारी. डेपोचं काम तिला नुकतंच मिळालं होतं. आधीच्या हातमशीनवर एवढं जाड कापड शिवलंच जात नव्हतं, सुई मोडायची. पायाची मशीन आली आणि काम आलं. हे तिनं आम्हाला आनंदानं सांगितलं, आम्ही कशाला आलोय हे कळायच्या आधी. मग सावकाशच्या बायकोनं ते सांगितलं.

शिवणवालीनं वाद घातला नाही. रडली नाही. "मला वाटलं, भाऊंनी घरात विचारूनच आणली," एवढंच बोलली, आणि सुईखालचं कव्हर सोडवायला लागली. दोरा तोडला, रीळ काढलं, खिसा चाचपावा तसा मशीनच्या कडेला एकदा हात लावला. "घेऊन जा वहिनी. तुमची आहे."

आत्या घाईघाईनं म्हणाली, "पण तुमची जुनी आहे ना? हातमशीन?"

"ती दिली मी. शेजारच्या सुनेला." तिनं आत्याकडे बोट दाखवलं. "तुम्हीच सांगितलं होतं ना, मिळालं की पुढे द्यावं. इथे सगळं ऐकू येतं, कर्णा याच बाजूला आहे."

आत्या मटकन खाली बसली, कव्हरांच्या ढिगावरच. कुणी ऐकत नाही म्हणून वर्षानुवर्षं बेधडक बोलणारी बाई, आणि अर्ध्या गल्लीनं तिचं बोलणं संसारात उतरवलेलं. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. त्यातलं खरं कुठलं, हे आजही सांगता येणार नाही.

सावकाशची बायको मात्र शिवणवालीकडेच बघत होती. तिनं विचारलं, "जुनी मशीन दिलीत तेव्हा कसं वाटलं?"

शिवणवाली गोंधळली. "कसं म्हणजे? बरं वाटलं. मला कधी कुणाला काही द्यायला मिळत नाही."

"तेच," सावकाशची बायको म्हणाली. "देण्याचं ते बरं वाटणं माझं होतं. माझ्या मशीनीचं होतं. ते ह्यांनी घेतलं."

मग सावकाशला बोलावणं गेलं. तो हातगाडी घेऊन आला, मान खाली. बायकोनं फक्त "उचला" म्हटलं. त्यानं उचलली. जाताना तो शिवणवालीला म्हणाला, "माझं चुकलं", आणि गल्लीच्या वळणावर बायकोलाही तेच म्हणाला. दोघींना एकच वाक्य, आणि दोन्हीकडे खरं. मला त्या सावकाशचा राग आला, मग त्याच्या बायकोचा, मग आत्याचा. घरी येऊन मी सायकलीवरचे टॉवेल काढले आणि पुन्हा तिथेच घातले.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण सावकाशच्या बायकोला चैन पडेना. मशीन जागेवर आली, वर कापड आलं, तांब्या आला, आणि त्या बाईच्या डोळ्यांपुढून हिरवी कव्हरं हलेनात. शेवटी तिनं शिवणवालीला घरी बोलावलं, बसवलं, चहा दिला, आणि मशीनवरचं कापड स्वतःच्या हातानं काढून म्हणाली, "ही मी तुम्हाला देते. मी."

शिवणवाली म्हणाली, "नको."

राग होता का? तिचं म्हणणं, मुळीच नाही. पण तोवर डेपोचं काम दुसरीकडे गेलं होतं, आणि ती शेजारच्या सुनेकडून आपली हातमशीन परत मागून घेऊन आली होती. "तिनं पुसूनबिसून दिली हो," ती म्हणाली. "पण तिच्या दारात उभी राहून मागताना मला जे झालं, ते माझं मला ठाऊक. परत मागायची वेळ पुन्हा नको. माझ्यावर नको, तुमच्यावरही नको." चहा पूर्ण प्यायली, कप विसळून ठेवला आणि गेली.

मग सावकाशच्या बायकोनं आत्याला बोलावून घेतलं. मीही गेले, कारण आत्याला एकटीनं जायचा धीर होईना. शिवणवालीकडून आल्यापासून तिनं माइकवर विचार सांगितला नव्हता. डेपोत कुणी विचारलं नाही, फक्त एक चहावाला म्हणाला, "बाई, घसा बसला का?"

मशीन खाटेशेजारी होती. वर काहीच नव्हतं, कापड घडी करून बाजूला ठेवलेलं. नवं टेबल दाराशी उभं, त्यालाही जागा नव्हती. सावकाश त्या टेबलाला टेकून उभा होता आणि कुणाकडेच बघत नव्हता.

त्याची बायको म्हणाली, "ताई, तुम्ही रोज एवढं सांगता. मला एकच सांगा. आता ही ठेवलेली आहे, की पडून आहे?"

मला वाटलं, आत्या काहीतरी बोलेल. बोलणं हा तिचा धंदाच. मन मोठं ठेवा, काळ जाऊ द्या, असलं काहीतरी तिच्या जिभेवर कायम तयार असतं. तिनं मशीनच्या चाकाला हात लावला, ते थोडं फिरलं, सुई खाली गेली आणि वर आली.

"मला माहीत नाही," आत्या म्हणाली. आणि तिला रडू फुटलं. आमच्या घरात तिला रडताना कुणी पाहिलेलं नाही, त्यामुळे काय करायचं असतं ते मला कळेना.

सावकाश धडपडत पुढे आला. "ही नेऊ का कुठे? म्हणजे तुम्ही सांगाल तिथे..."

"हात लावू नका," त्याची बायको म्हणाली. आवाज मोठा नव्हता. तिनं खाटेवर सरकून आत्याला जागा करून दिली, आणि दोघी त्या उघड्या मशीनसमोर बसून राहिल्या.