गच्चीवरून देवयानी

डोंबिवलीत मानपाड्याच्या बाजूला आमची चार मजल्यांची जुनी सोसायटी आहे. तिसऱ्या मजल्यावर आई राहते. तिचा विसराळूपणा हा आजार आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून मीही तिथेच राहते. त्याआधी मी ठाण्याला वर्तकनगरमध्ये एकटी राहायचे. कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, आणि अमावास्येच्या आसपासचा शनिवार आला की आमच्या सात-आठ जणांच्या गटाबरोबर मुरबाडच्या पुढे एका शेतावर जाऊन आकाशाचे फोटो काढायचे. कॉलेज अजून चालू आहे. मी तिकडे असते तेव्हा आईजवळ एक मावशी असतात. संध्याकाळी त्या चप्पल घालून निघाल्या की मी दाराला आतून कुलूप लावते, आणि मग सकाळपर्यंत आम्ही दोघीच.

कुलूप लावावंच लागतं. बाहेर दिवे लागले की आईला घरी जायचं असतं. घर म्हणजे ठाकुर्लीची रेल्वे क्वार्टर्स. वडील नोकरीत असताना आम्ही तिथे राहायचो. "चल गं, किती उशीर झाला. हे आले असतील. लोकांच्या घरी किती वेळ बसायचं?" असं म्हणत ती कापडी पिशवीत एक साडी आणि देव्हाऱ्यातली घंटी भरते आणि दाराशी जाऊन उभी राहते. वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली. सुरुवातीला मी तिला हे समजावून सांगायचे आणि ती प्रत्येक वेळी नव्याने रडायची. मग मी समजावणं सोडलं. एकदा ती माझा डोळा चुकवून अनवाणी रिक्षास्टँडपर्यंत गेलेली. रिक्षावाल्याने ओळखलं म्हणून परत आली. कुलूप त्या दिवसापासूनचं.

गटाचे फोटो मात्र माझ्या फोनवर येत राहायचे. काळंभोर आकाश, शेताचा बांध, कुणाच्या तरी हातात चहाचा कप. खाली लिहिलेलं असायचं, 'तू हवी होतीस.' मी अंगठा पाठवायचे आणि फोन पालथा ठेवायचे. राग त्यांचा यायचा नाही, आईचाही नाही. पण स्वयंपाकघर, हॉल, बेडरूम आणि पुन्हा स्वयंपाकघर अशी आईच्या मागून फिरताना कधी कधी छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटायचं. मग बाल्कनीत जाऊन ग्रिलला धरून उभी राहायचे.

त्याच बाल्कनीतून, गेल्या ऑक्टोबरमध्ये, समोरच्या टॉवरच्या डावीकडे मला शर्मिष्ठा दिसली. पाच ताऱ्यांचा तो वेडावाकडा एम. शर्मिष्ठेच्या आसपास, थोडी उजवीकडे देवयानी दीर्घिका असते. आपल्या आकाशगंगेची मोठी शेजारीण. मुरबाडला ती नुसत्या डोळ्यांनी दिसते, कापसाच्या पुसट बोळ्यासारखी. डोंबिवलीत दिसण्याचा प्रश्नच नाही. रस्त्यावरचे दिवे, कारखान्यांचा धूर, सगळं आभाळ रात्रभर चहाच्या रंगाचं असतं. पण कॅमेऱ्याचं तसं नाही. एकाच जागेचे खूप फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवले, तर त्या चहातूनही थोडा थोडा उजेड गोळा होतो. ठरवलं, हिचा फोटो काढायचा. जायचं कुठेच नव्हतं, तर निदान हे तरी.

ऑक्टोबर वाया गेला. ग्रिलच्या दोन गजांमधून लेन्स कशीबशी बाहेर काढायचे, पण देवयानी वर यायची ती नेमकी आईच्या दाराशी उभं राहण्याच्या वेळेला. कॅमेरा लावला की आतून हाक यायची. शिवाय शेजारच्या एसीने कठडा थरथरायचा आणि तारे आळ्यांसारखे लांबट यायचे. नोव्हेंबर उजाडला तोपर्यंत देवयानी इतकी वर सरकली, की ती वरच्या मजल्याच्या स्लॅबमागे गेली. आता फक्त गच्ची उरली होती. आमची गच्ची वॉचमन आठ वाजता बंद करतो, कारण मागे काही मुलांनी तिथे पार्टी केली होती.

त्या दिवशी आई शांत होती. लवकर जेवून पलंगावर बसली होती, आठ वाजायला अजून वेळ होता. मी फोनवर तिची आवडती भजनं लावून तो तिच्या उशाशी ठेवला. गॅसचा रेग्युलेटर बंद केला. "आई, मी वर गच्चीवर जाऊन येते. तारे बघायला. लगेच येते."

"जा. स्वेटर घाल," ती म्हणाली.

बाहेरून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि वर गेले. पाण्याच्या टाकीमागे थोडा अंधार असतो, तिथे ट्रायपॉड उभा केला. ताऱ्यांबरोबर कॅमेरा हळूहळू वळवणारं एक छोटं यंत्र माझ्याकडे आहे, ते ध्रुवाकडे रोखून बसवलं. कॅमेरा आपोआप एकामागून एक फोटो काढायला लागला. खट्. थोडा वेळ शांत. पुन्हा खट्. पहिल्या फोटोत काही नव्हतं. दुसरा मोठा करून पाहिला तर मधोमध एक फिकट ठिपका होता, ताऱ्यासारखा टोकदार नाही, कडेने विरघळलेला. मी तिथेच उकिडवी बसून त्याच्याकडे बघत राहिले. किती वेळ बघत होते ते कळलं नाही. वॉचमन आला आणि गेला, तेही कळलं नाही. खाली निघाले तेव्हा गच्चीचं लोखंडी दार बंद होतं.

आधी ढकललं. मग धडका मारल्या. "अरे वॉचमन! अहो, कोणी आहे का?" तुळशीचं लग्न झालं की आमच्या मागच्या हॉलवर लग्नांचा धडाका सुरू होतो. त्या दिवशी खाली वरात उभी होती आणि डीजे एवढ्या जोरात, की माझा आवाज मलाच ऐकू येईना. फोन आईपाशी. चौथ्या मजल्यावरची दोन्ही घरं बंद, एक विकायला काढलेलं, दुसऱ्यातले लोक लग्नाला गेलेले. मी कठड्याशी धावले आणि तारे बघताना वापरायचा लाल टॉर्च हलवून ओरडायला लागले. वरातीत नाचणाऱ्या एका फेटेवाल्याने वर पाहिलं, खूश होऊन दोन्ही हात हलवले आणि पुन्हा नाचायला लागला.

खाली वाकून आमच्या बाल्कनीतला उजेड तेवढा दिसत होता. आई उठली असेल का? बाथरूमला जाताना पडली असेल का? दाराशी उभी असेल, आणि आज दार उघडायला आत मीसुद्धा नाही. मी पुन्हा दाराकडे, पुन्हा कठड्याकडे, असं पळत होते. घसा बसला. मग मी ट्रायपॉडच्या शेजारी फरशीवर बसले. इतके महिने आपण कोंडलेले आहोत असं वाटत होतं, पण ते काहीच नव्हतं. आईला काय वाटत असेल ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. घर तिकडे आहे, आपलं माणूस तिकडे वाट बघतंय, आणि दार कुणी उघडत नाही.

कडी वाजली. दारात वॉचमन, आणि त्याच्यामागे धापा टाकत आमच्या समोरच्या घरातल्या काकू.

"मॅडम, मी आवाज दिलेला! टाकीच्या मागे कोण बघणार?" वॉचमन म्हणाला.

"ते राहू दे, आधी किल्ली काढ गो बाय," काकू म्हणाल्या. "आई दार बडवतायत."

जिना उतरता उतरता त्यांनी सगळं सांगितलं. दार बडवल्याचा आवाज ऐकून त्या बाहेर आल्या, तर आमच्या दाराला कुलूप. आतून आई रडवेल्या आवाजात म्हणाली, "माझी मुलगी वर गेली हो!"

"मी तर तिथेच चौकट धरली," काकू सांगत होत्या. "म्हटलं, सकाळी कॉलेजला जाताना बघितली की हिला! देवाचं नाव घेतलं. मग विचारलं, 'वर म्हणजे कुठे हो आजी?' तर म्हणाल्या, 'गच्चीवर. तारे बघायला गेली, स्वेटर नाही नेला.'"

मी कुलूप उघडलं. आई दाराशीच उभी होती. हातात पिशवी नव्हती, माझा स्वेटर होता. केस विस्कटलेले, तळहात लालबुंद झालेले.

"ही काय वेळ झाली घरी यायची?" ती कडाडली. "काही सांगायची पद्धत आहे की नाही? जिवाला घोर नुसता!"

शाळेत असताना मी खेळून उशिरा आले की ती याच आवाजात बोलायची. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. काकू दारातच थांबल्या होत्या, त्या म्हणाल्या, "मी चहा टाकते." त्या रात्री आई ठाकुर्लीला जायचं बोलली नाही. मला जेवायला वाढायला निघाली, भांडी कुठे आहेत ते तिला आठवेना, तरी वाढलंच.

कॅमेरा वरच राहिला होता आणि बॅटरी संपेपर्यंत फोटो काढत होता. दुसऱ्या दिवशी मी ते उघडले. दारावर धडका मारत होते, धावत होते, तेव्हाचे सगळे हललेले होते, ते फेकले. मी फरशीवर बसले होते तेव्हाचे आणि त्यानंतरचे नितळ होते. ते एकावर एक ठेवत गेले तसा चहाचा रंग मागे हटला आणि ठिपक्याभोवती एक तिरकी, लांबट, राखाडी झाक उभी राहिली. मुरबाडच्या फोटोंपुढे तिची काही किंमत नाही. गटाला अजून पाठवलेला नाही.

आता आमची एक किल्ली काकूंकडे असते आणि त्या कधीमधी येऊन तासभर आईजवळ बसतात. गच्चीला मात्र कमिटीने नवं कुलूप घातलं. अर्ज करा म्हणाले, पुढच्या मीटिंगमध्ये बघू.

फोटो मी आईला लॅपटॉपवर दाखवला. तिने चष्मा लावला, पुढे वाकली, मग पदराचं टोक घेऊन स्क्रीनवरचा तो डाग पुसायला लागली. बराच वेळ पुसत होती. मी तिला थांबवलं नाही.