वुकोसावाकाकूंचा वाऱ्याशी उभा दावा

आमच्या उझित्से शहरात प्रोमायाला कोण घाबरत नाही? घरातल्या समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या आणि मधून वारा आरपार गेला, की झाला प्रोमाया. त्यानं मान धरते, दाढा ठणकतात, मूत्रपिंडं कामातून जातात. हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. पण तिसऱ्या मजल्यावरच्या वुकोसावाकाकूंची गोष्टच वेगळी. त्यांचा नवरा बिचारा ट्रकखाली सापडून गेला, तर अंत्यविधीला काकू मला हळूच म्हणाल्या, "मिलुटिन, त्या ट्रकच्या दोन्ही काचा खाली होत्या. मी स्वतः बघितल्या. ड्रायव्हरला प्रोमाया लागला असणार, नाहीतर एवढा चांगला माणूस त्याला दिसला कसा नाही?"

लग्नं मोडली, पोरं नापास झाली, आमचा फुटबॉल संघ हरला, तरी काकूंचा संशय एकावरच. मी या बिल्डिंगचा व्यवस्थापक. म्हणजे काय, तर सभेला उशिरा पोचलो आणि गैरहजेरीत निवडून आलो. तेव्हापासून जिन्यातली खिडकी उघडी दिसली की काकू माझंच दार वाजवतात. एकदा मी ओल्या केसांनी कचरा टाकायला खाली गेलो होतो, तर त्यांनी भर जिन्यात माझ्या डोक्याला स्वतःचा टॉवेल गुंडाळला. पन्नाशीच्या माणसाला! मला त्यांचा अस्सा राग येतो, आणि त्या दोन दिवस दिसल्या नाहीत की चैनही पडत नाही.

काकूंचं आणखी एक घर आहे, अगदी वर, कोपऱ्यातलं. ते त्यांनी नेवेनाला भाड्यानं दिलंय. नेवेना इस्पितळात नर्स. रोज सकाळी ड्यूटीवरून आली की आधी काकूंकडे कॉफी, मग झोप. काकूंचा मुलगा ऑस्ट्रियात, तो रविवारी फोन करतो. बाकीचे सहा दिवस काकूंना बोलायला नेवेनाच.

आता आमच्या बिल्डिंगची तऱ्हा अशी, की खोल्या तापवायला शहराच्या बॉयलरमधून गरम पाणी येतं आणि भिंतीलगतच्या रेडिएटरला कमी-जास्त करायची चावी नाही. खालच्या मजल्यावरचे लोक जानेवारीत बनियनवर बसतात, आणि वर कोपऱ्यात नेवेनाच्या भिंतीवर काळी बुरशी. गेल्या हिवाळ्यात ती कोट घालून झोपली. शेवटी तिनं काकूंना सांगून टाकलं, "काकू, माझा तुमच्यावर राग नाही. पण यंदा थंडी अडवायला भिंतींना बाहेरून अस्तर लागलं नाही, तर मी दुसरीकडे जागा बघणार."

काकू माझ्याकडे आल्या. कॉफीचा कप तसाच हातात. "ती गेली तर मी कुणाशी भांडू? तुझ्याशी? तुला धड भांडताही येत नाही."

नगरपालिकेची योजना होतीच. भिंतींना जाड अस्तर, नव्या खिडक्या, बराचसा खर्च त्यांचा. अट एकच: चिठ्ठी टाकून एक घर निवडायचं आणि तिथं तपासणी करायची. त्या घरातून हवा किती निसटते ते बघायचं. भरपूर निसटली तर बिल्डिंग मंजूर. चिठ्ठी निघाली काकूंच्या राहत्या घराची.

मी त्यांना समजावायला गेलो. "दाराच्या चौकटीत एक मोठा पंखा बसवतात. तो घरातली हवा बाहेर ओढतो. मग फटीफटीतून बाहेरचा वारा आत येतो..."

"म्हणजे मुद्दाम प्रोमाया करतात?"

"तपासणीसाठी, काकू."

"माणूस मरतो का बघायला विष पाजतात, तशी तपासणी?" त्यांनी क्रॉसची खूण केली. मग वर छताकडे बघितलं. वर नेवेना झोपली होती. "येऊ दे तुझ्या त्या पंख्याला," त्या म्हणाल्या, पण असा आवाज मी फक्त दवाखान्यातच ऐकलाय.

ठरल्या दिवशी गोयको नावाचा तरुण इंजिनिअर पंखा घेऊन आला. काकू तयार होत्या. लोकरीची टोपी, दोन शाली, कानात कापूस, आलुबुखाराच्या दारूत, राकीयात, भिजवलेले पायमोजे. खुर्चीत अशा बसल्या होत्या, की फोटो काढणाऱ्यानं आता हसा म्हणू नये.

पंखा सुरू झाला. घरघर वाढली. यंत्राचा काटा जागचा हलेना. गोयकोनं यंत्राला टिचकी मारली, पंखा वाढवला. पडद्याची झालरसुद्धा हलली नाही.

"हे घर आहे की पाणबुडी?" तो म्हणाला. "अभिनंदन. एवढी घट्ट बिल्डिंग मी बघितली नाही. तुम्हाला अस्तराची गरजच नाही."

काकूंचा चेहरा असा खुलला, की मंजुरी गेली हे मला सांगायची हिंमत होईना. "चाळीस वर्षं!" त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं मी हे घर वाऱ्यापासून राखलंय."

गोयकोनं पंखा दारातून उतरवला, तेवढ्यात नेवेना दारात आली, डोळे चोळत. "झालं का? मिळालं का अस्तर?"

गोयको पंख्याची वायर गुंडाळत राहिला. नेवेनानं काय ते ओळखलं. "असू दे हो, काकू," ती म्हणाली. "एक मैत्रीण खोली देतेय मला, नदीपलीकडे." आणि वर निघून गेली.

काकू खुर्चीतून उठल्या, त्यांनी खिडकीचा पडदा बाजूला केला आणि फटीत बोट घालून ओढलं. आतून एक पायमोजा निघाला. त्याच्यामागे दुसरा. मग जुनं जॅकेट, गोधडीचे तुकडे, कणकेनं चिकटवलेली वर्तमानपत्रं, नवऱ्याच्या ओव्हरकोटची एक अख्खी बाही. नवऱ्याची बाही त्यांनी क्षणभर छातीशी धरली आणि मग ढिगावर टाकली.

गोयको आ वासून बघत होता. "आजी, हे आधी का नाही सांगितलंत? मला भिंत तपासायचीय, तुमचं कपाट नाही!"

"मग उभा काय राहिलास? ओढ!"

आम्ही तिघांनी ओढलं. सोफ्यामागे, स्वयंपाकघरात, संडासच्या झरोक्यातही. ढीग टेबलापर्यंत आला. गोयकोनं पंखा पुन्हा लावला. काकू परत खुर्चीत. मी म्हटलं, "काकू, तुम्ही माझ्याकडे जाऊन बसा ना."

"माझ्या घरात वारा येणार आणि मी पळू?"

पंखा सुरू झाला. पडदे छताला लागले. भिंतीवरच्या तसबिरीतले संत निकोला खिळ्यावर डोलायला लागले. काकूंची टोपी उडून माझ्या तोंडावर आली. डोळे घट्ट मिटून, खुर्चीचे हात धरून, त्या नवऱ्याला, मुलाला आणि सगळ्या संतांना हाका मारत होत्या, पण उठल्या नाहीत. काटा पार शेवटाला टेकला. गोयको ओरडला, "मंजूर! डबल मंजूर!"

काकू तशाच शालींसकट अंथरुणात शिरल्या आणि आजारी पडायची वाट बघायला लागल्या. मी रडकुंडीला आलो होतो, खरं सांगतो. ही म्हातारी एका भाडेकरणीसाठी मरायला तयार झाली होती. तिच्या मते तरी.

सकाळी नेवेना थर्मामीटर घेऊन आली. मीही मागोमाग गेलो. ताप नव्हता.

"तुझं यंत्र बिघडलंय," काकू म्हणाल्या.

"मान वळवून बघा."

काकूंनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, पुन्हा डावीकडे. कुठंच दुखेना. चेहरा असा झाला, जसं कुणी भर बाजारात फसवलंय.

"घसा?"

"नाही गं."

"दाढ?"

काकूंनी जिभेनं सगळ्या दाढा चाचपल्या आणि उशीत तोंड खुपसलं. उशीतूनच आवाज आला, "तू राहणार ना?"

"राहणार. मैत्रिणीला रात्रीच कळवलं."

"मग एक काम कर. मला काही झालं नाही, हे बिल्डिंगमध्ये कुणाला सांगू नकोस."

नेवेनानं पांघरूण त्यांच्या हनुवटीपर्यंत ओढलं आणि कपाळावर हात ठेवला. मग ती बाहेर आली. जिन्यात निम्मी बिल्डिंग ताटकळत होती. आपला इस्पितळातला गंभीर चेहरा करून ती म्हणाली, "मान पूर्ण धरलीय. आठवडाभर उठायचं नाही."