मालनच्या बोटावरचा आकडा

भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की त्या चेष्टेवारी नेणारा माणूस मी. सतरा वर्षं फौजेत काढलेला हवालदार, आता भिंगारला स्थायिक. त्यामुळे हे लिहायला लाज वाटते... पण मन खातंय.

मुलगा सागरही फौजेत, लडाखला. तिथे हवा विरळ, शरीराला सवय व्हायला दिवस लागतात. रजेवर खाली येऊन गेलं की ती सवय मोडते. परत पहिल्यापासून थांबत थांबत वर चढायचं. त्यात डोकं दुखलं, खोकला लागला तर लगेच सांगायचं आणि खाली उतरायचं, नाहीतर फुप्फुसात पाणी भरतं. हे सगळं मला पाठ होतं.

रजा संपवून गेल्यावर त्याचा फोन आला. "आन्ना, डोकं लई दुखतंय. खोकला बी हाय. उद्या वरच्या पोस्टला जायचंय. सिक रिपोर्ट करू का?"

मी हसलो. "आरं, रजेवरून गेला आन् लगीच आजारी? पोरं म्हनतील, घरची आठवन आली. गोळी घे आन् जा वर."

"व्हय आन्ना," म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला माझी बायको मालन मेथी निवडता निवडता थांबली. "आवो, दम पुरंना... छातीत पानी भरल्यागत होतंय."

ओठ निळे! कोरोनात घेतलेलं ऑक्सिमीटर तिच्या बोटाला लावलं — एकसष्ट. माझ्या बोटाला — सत्त्याण्णव. परत तिच्या — अठ्ठावन्न. रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या मशीनवरही तेच. त्यांनी छाती तपासली, एक्स-रे काढला.

"काका, पाणी अजिबात नाही. फुप्फुसं स्वच्छ आहेत."

ऑक्सिजन लावला तरी आकडा हलेना. मालन माझा हात धरून एकच म्हणत होती, "मला खाली न्या वो... खाली न्या." दवाखाना तळमजल्यावरच होता.

एक वाजून दहा मिनिटांनी आकडा आपोआप चढू लागला. अठ्ठ्याण्णव! मी डॉक्टरांच्या पाया पडलो. घरी येताना पेढे घेतले.

संध्याकाळी युनिटमधून फोन आला. सागरच्या फुप्फुसात पाणी भरलं होतं. त्याला खाली आणत होते, वाटेतच गेला. मी वेळ विचारली... एक वाजून दहा मिनिटं.

त्यानंतर तीन डॉक्टरांना दाखवलं. मालनला काहीही आजार नाही. त्या दिवशी काय झालं, कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही.

मालन मात्र अधूनमधून विचारते, "पोरगं तुमाला फोनवर काई बोललं न्हवतं का वो?"

मी न्हाई म्हणतो.