कुणाच्या डोक्यावर हात

पुण्यात कायदा शिकत होते तेव्हा आमच्या वर्गात नायजेरियाचा एक विद्यार्थी होता, योरुबा समाजाचा. त्यांच्याकडच्या जुन्या न्यायाच्या गोष्टी तो रंगवून सांगायचा. साक्षीदार लोखंडाला तोंड लावून शपथ घेतो आणि खोटं बोलला तर लोखंडच त्याचा जीव घेतं. राजालाही सुटका नाही. त्यानं मर्यादा सोडली की मानकरी त्याच्याकडं वाळल्या भोपळ्याचं रिकामं भांडं पाठवतात, मग त्यानं स्वतःच्या हातानं मरायचं. वर्गातली मुलं हसली. मी मात्र तेवढ्यात मनानं कळंब-वाशीकडच्या आमच्या गावात, खंडोबाच्या देवळात जाऊन उभी राहिले होते.

बहात्तरचा दुष्काळ. मी तेव्हा तिसरीत. आम्ही मेंढरंवाले. वडील कळप घेऊन पाण्याच्या शोधात दूर नदीकाठाला गेलेले. घरी आई, मी आणि एक नुकती व्यालेली मेंढी, चालवेना म्हणून मागं ठेवलेली. गावात एकच विहीर जिवंत होती. घरटी रोज दोन हंडे, त्यावर थेंब नाही, असं गावकीनं ठरवलं होतं. आईनं त्या मेंढीसाठी तिसरा हंडा नेला. मी सोबत होते, मी पाहिलं होतं.

चुगली व्हायची ती झालीच. सोसायटीचे चेअरमन हेच गावकीचे पंच, सगळे त्यांना आबा म्हणत. बियाणं, खत, सगळं त्यांच्या मर्जीनं मिळे. त्यांनी आईला देवळात बोलावलं आणि निरोप धाडला, "लेकराला संगं आण."

निरोपाचा अर्थ मला लगेच कळला. आमच्या गावात साक्षीपुराव्याची भानगड नव्हती, न्याय भंडाऱ्यावर होई. देवापुढचा बेल-भंडारा एका हातात उचलायचा, दुसरा हात पोटच्या लेकराच्या डोक्यावर ठेवायचा आणि बोलायचं. खोटं बोललं तर लेकरू जातं. एका घराकडं बोट दाखवून मोठी माणसं आम्हाला हे सांगत, आणि त्या घरावरून जाताना आम्ही पोरं पळत सुटायचो.

वाटेत आईनं माझा हात मुठीत घट्ट धरला होता. पाणी बंद झालं तर मेंढी मरणार आणि आमचेही हाल होणार, हे मला कळत होतं. म्हणजे आई खोटं बोलणार. म्हणजे मी मरणार. तिच्या मुठीतून हात सोडवून पळावं असं मला वाटत होतं. आईची एवढी भीती मला आधी कधी वाटली नव्हती आणि पुढंही कधी वाटली नाही.

देवळात सगळं गाव जमलेलं. आईनं भंडारा उचलला. तिचा गरम हात माझ्या डोक्यावर आला. मी डोळे गच्च मिटले. मग डोक्यावरचा हात निघाला.

"नेला," आई म्हणाली. "तिसरा हंडा म्या नेला, आबा. काय दंड करायचा तो करा."

मला रडू फुटलं. आपण वाचलो एवढंच मला समजत होतं. आबा दंड सांगणार तोच देवळाचा म्हातारा पुजारी उठला. "आबा, रीत हाय. दंड सांगायच्या आधी तुमी उचला."

रीत खरीच होती. जो दंड सांगणार त्यानं हाच नियम आपण मोडला नाही अशी शपथ आधी घ्यायची. पहाटे आबांच्या इंजिनाचा पाइप त्याच विहिरीत सोडलेला असे, कारखान्याला घालायचा ऊस वाळू नये म्हणून. इंजिनाचा आवाज सगळ्या गावाला ऐकू जाई. लोक गोधडीत पडून तो ऐकत आणि गप्प बसत.

आबांनी इकडंतिकडं पाहिलं. त्यांचा नातू त्यांना चिकटूनच उभा होता. त्याला त्यांनी हळूच मागं सारलं आणि बायकांत बसलेल्या नातीला, त्याच्या धाकट्या बहिणीला, हाक मारली. ती माझ्याच वर्गातली, माझ्याच शेजारी बसणारी. ती उड्या मारत पुढं आली. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, भंडारा उचलला आणि म्हणाले, "एक थेंब जास्तीचा घेतला न्हाय."

आमचं पाणी आठवडाभर बंद झालं.

माझी भीती मात्र संपली नाही, ती शेजारी सरकली. शाळेत मी त्या मुलीकडं टक लावून बघत बसायची. ती शिंकली तरी मी तिच्या कपाळाला हात लावायची. तिला सांगणार तरी काय? दोन-तीन दिवसांनी दिवेलागणीला तिची आई आमच्या दारात आली. डोक्यावर भरलेला हंडा, हाताला ती मुलगी.

"वैनी, हिच्या डोक्यावरनं हात फिरवा," ती म्हणाली. "तुमी खरं बोललाव. तुमच्या हाताला यश यील."

"माझ्या हातात काय हाय, बाई," आई म्हणाली. पण तिनं मुलीला जवळ घेतलं, माझ्यावरून फिरवायची तसाच तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग हंडा आत नेला. मेंढी वाचली.

"पण त्या माणसाचं तुम्ही काय केलं?" माझी गोष्ट ऐकून त्या योरुबा मित्रानं विचारलं.

"पुन्हा चेअरमन केला," मी म्हणाले. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. त्या दिवसानंतर आमच्या गावात भंडारा मात्र कुणी उचलला नाही. पुजाऱ्यानं सांगितलं तरी लोक उठून जात.

त्या मुलीला काही झालं नाही. तिला कळंबला दिली, तिथं तिचा संसार चांगला चाललाय. मध्यंतरी मी तिच्या घरी गेले होते. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. देवळातला विषय मी काढणार नव्हते, तिला तो आठवत नसेल असंच मी धरून चालले होते.

"दादा आबांच्या शेजारीच तर उभा होता," ती एकाएकी म्हणाली आणि चहा गाळायला लागली.