हेस्टरचा पत्ता

लखोटा, बिल, दुकानाची पावती, जे हाताला येईल ते हेस्टर टिलब्रुक रोज सकाळी उभं दुमडायची, दोरीसारखं पिळायची, त्याला गाठ मारायची आणि शेगडीत कोळशाखाली सरकवायची. लांबट, अरुंद बोटीत कागद ठेवायला जागा नसते. ठेवलाच तर हिवाळ्याच्या ओलीनं त्याला बुरशी धरते. कालव्यावर आम्ही सगळेच टपाल असं जाळतो, पण हेस्टरच्या गाठी सुबक असायच्या. कागद पेटला की ती क्षणभर त्याच्याकडे बघायची आणि मग किटली चढवायची.

आमची बोट बहुतेक तिच्या बोटीमागेच बांधलेली असे. आमच्यासारख्या बिनठिकाणाच्या बोटींना नियम असा, की एका जागी पंधरा दिवसांहून जास्त थांबायचं नाही. हेस्टरला नियम मान्य होता, तारीख मान्य नव्हती. "मला ही जागा आवडलीय," म्हणायची आणि राहायची. तपासनीस डेस्मंड प्राइक सायकलवरून यायचा, काठानं बोटींचे क्रमांक टिपत जायचा. हेस्टर दारातून डोकं बाहेर काढायची.

"लिहा, लिहा. बाई अजून जिवंत आहे असंही लिहा."

"लिहितो," प्राइक म्हणायचा आणि पुढे जायचा.

तिला कधी नोटीस आली नाही. "घाबरतो मला," ती समाधानानं सांगायची. तिचा नवरा जोरिस तेव्हा कुणाच्या तरी इंजिनात डोकं घालून बसलेला असे.

हेस्टरचे वडील इंग्रज, पण अँटवर्पच्या गोदीत कामाला होते. तिथेच ती जन्मली. त्यामुळे ती ब्रिटिश होती, पण बाहेर जन्मलेल्या आपल्या मुलांना ते नागरिकत्व तिला आपोआप देता येत नव्हतं. फेना आणि वाउट दोघं बेल्जियमची, बापासारखी. चौघं इंग्लंडातल्या या कालव्यावर आली तेव्हा वाउटचे पुढचे दात पडलेले होते. आता फेना सतरा संपवत आली होती आणि तिच्याकडे इथे राहण्याची नुसती तात्पुरती मुभा होती. एक वाट होती. मूल अठराचं व्हायच्या आत आईबाप आणि मुलं सलग तीन वर्षं इथेच राहिल्याचं दाखवलं, तर त्याची ब्रिटिश म्हणून नोंद होऊ शकत होती. फेनाचा वाढदिवस वसंतात होता.

सल्ला केंद्रात मी हेस्टरबरोबर गेले. तिथल्या बाई समजूतदार होत्या.

"तुम्ही सगळे इथेच राहत होता, याचा काही पुरावा?"

"इथे नाही तर कुठे राहणार? चंद्रावर?"

"वीजबिल, घरभाडं, शाळेचं पत्र, काहीही चालेल."

वीज छतावरच्या सौर पत्र्यांतून यायची. घर पाण्यावर होतं. मुलं आईजवळच शिकली होती. गॅस आणि कोळसा कोळशाच्या बोटीवरून रोखीनं. थोडंफार टपाल गावातल्या मैत्रिणीच्या पत्त्यावर यायचं, ते मात्र आलं होतं, आणि शेगडीत गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या धुराड्यातून धूर दिसला नाही, म्हणून मी आत डोकावले. हेस्टर थंड शेगडीसमोर शाल घेऊन बसली होती.

"पोरी," ती म्हणाली, "मी माझ्या लेकीची तीन वर्षं जाळून चहा केला."

फेना पलीकडे पाव कापत होती. "चहा चांगला व्हायचा, आई," ती म्हणाली. कुणीच हसलं नाही.

त्या आठवड्यात प्राइक आला तेव्हा हेस्टरनं पहिल्यांदाच त्याला आत बोलावलं. त्याचा डगला निथळत होता. कुठे टांगावा हे त्याला कळेना. जोरिसनं सगळ्यांना चहा ओतला.

"प्राइक, आम्ही इथे होतो ना?"

"बोट होती."

"आणि आम्ही?"

"मी क्रमांक टिपतो, हेस्टर. आत कोण आहे ते मला विचारता येत नाही." मग तो जोरिसकडे वळला. "पण तुझ्या विनंत्या आहेत की कालव्याच्या ऑफिसात. त्यात सगळं आहे."

"कसल्या विनंत्या?" हेस्टर म्हणाली.

"जास्त थांबायचं तर कारण कळवावं लागतं. हा दर वेळी कळवतो."

जोरिस चहा ढवळत राहिला. त्याच्या चहात साखर नव्हती.

"मला वाटायचं तुम्ही मला घाबरता."

"तेही आहेच," प्राइक म्हणाला.

ऑफिसनं प्रती दिल्या. प्रत्येकीवर तारीख, जागा, बोटीवर कोण कोण आहे. वाउटला कांजिण्या आल्यात. फेनाचा हात मोडलाय, इस्पितळात जावं लागतं. पाणी गोठलंय. बायकोची पाठ धरलीय. आणि एका नोव्हेंबरात: माझ्या बायकोची आई गेली. इथल्या झाडाखाली बसलं की तिला बरं वाटतं. कृपया आठवडाभर राहू द्या.

हेस्टरनं ते वाचलं आणि बोटीच्या मागच्या टोकाला जाऊन बसली. परत आली तेव्हा डोळे लाल होते, आवाज नेहमीचा.

"माझी पाठ जगाला सांगितलीस."

"जगाला नाही. एका ऑफिसला."

"आणि मी म्हणत फिरायचे, माझ्या मर्जीनं थांबतेय म्हणून."

"तुझ्याच मर्जीनं थांबायचो," जोरिस म्हणाला. "मी फक्त कळवायचो."

त्या तारखा धरून मी आणि फेना हिंडलो. इस्पितळानं मोडलेल्या हाताची नोंद काढली, डॉक्टरांनी कांजिण्यांची. कोळशाच्या बोटवाल्यानं सही करून लिहून दिलं, की या चौघांना तो तीनही हिवाळे कोळसा देत आलाय आणि बाई घासाघीस फार करते. वाढदिवसाच्या आत फेनाचा अर्ज गेला, सोबत वाउटचाही. उत्तर उन्हाळ्यात आलं, दोघांनाही होकार. फेना काठावर उभी राहून ते पुन्हा पुन्हा वाचत होती. हेस्टरनं पत्र तिच्या हातून घेतलं, बिस्किटांच्या पुसून कोरड्या केलेल्या डब्यात ठेवलं आणि तिला भांडी घासायला पाठवलं.

पुढच्या हिवाळ्यात हेस्टरच्या छातीत पाणी झालं. रुग्णवाहिका पुलापाशी थांबली. स्ट्रेचर बोटीच्या दारातून आत येईना, तेव्हा ती स्वतःच पायऱ्या चढून वर आली, जोरिसच्या दंडाला धरून. इस्पितळातून ती परत आली नाही. पण त्या सकाळी काठावर दम घ्यायला थांबली असताना तिला आठवलं, की पंधरवडा संपत आलाय.

"जोरिस, ऑफिसला कळवून ठेव," ती म्हणाली. "आणखी चार दिवस लागतील म्हणावं."