बाबांच्या डब्यातली गोळी

आमची लेक आठ वर्षांची असताना, इकडे परदेशात, श्रूजबरीतल्या एका हिवाळ्यात तिच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास होता का? नवरा खिडकीबाहेरचा बर्फ बघत बसला, म्हणून मीच सांगितलं. सासरे चाळिशीतच हार्ट अटॅकनं गेले. तेव्हा हा शाळेत होता.

लेकीचं रक्त तपासलं, तर कोलेस्टेरॉल जास्त आणि व्हिटॅमिन डी कमी. 'डी'साठी चघळायच्या गोळ्या दिल्या. मला वाटलं, चला, एका दगडात दोन पक्षी! पण डॉक्टर म्हणाल्या, गोळी हाडांसाठी. कोलेस्टेरॉलसाठी खाणं सांभाळा, तिला खेळू द्या, आणि बाबांनीही तपासून घ्यावं.

तळण बंद झालं, वरणभातावरचं तूप थेंबावर आलं. लेकीनं कुरकुर केली नाही. नवरा मात्र तपासणीचं नाव काढलं की "बघू गं, डेडलाइन आहे" म्हणत सटकायचा. झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण जागं करणार? मी भांडायचे, कारण मला फार भीती वाटायची. त्यानंही आता चाळिशी गाठली होती.

उन्हाळ्यापूर्वी लेकीची पुन्हा तपासणी झाली. 'डी' होतं तिथंच. "रोज देते मी!" मी डॉक्टरांना तोऱ्यात सांगितलं. लेकीनं मान खाली घातली.

गाडीत बसल्यावर ती बोलली. मी हातावर ठेवलेली गोळी ती बाबांच्या ऑफिसच्या डब्यात टाकत होती.

"अगं, पण का?"

"बट बाबाज हार्ट इज ओल्डर दॅन माइन. अँड ही वोन्ट गो टू द डॉक्टर."

गोळी हार्टची नाही, हाडांची, हे मी तिला नीट सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी नवऱ्याला विचारलं. "मला वाटलं, तूच ठेवतेस," तो म्हणाला. डोकं फुटायची वेळ आली तरी गोळी न घेणारा हा माणूस, ती रोज निमूट खात होता.

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो, तर तू परत तपासणीचं काढलं असतंस."

मग मी त्याला लेकीचं वाक्य सांगितलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी पुढे केलेला चहा त्यानं घेतला नाही. बूट घालत त्यानं विचारलं, "काहीच खायचं-प्यायचं नसतं ना?" मला नाही, लेकीला.

"पाणी चालतं, बाबा," ती म्हणाली. "अँड इट ओन्ली हर्ट्स अ लिटल."