खाऱ्या पाण्याची साक्ष

तात्यांकडे अर्ज लिहून घ्यायला गेलेला माणूस पहिल्याच दिवशी अर्ज घेऊन घरी परतला, असं मी तरी कधी पाहिलं नाही. ठाण्याच्या कचेरीबाहेर चिंचेखाली चार-पाच अर्जनवीस बसत. बाकीचे गिऱ्हाईक दिसलं रे दिसलं की बोरू शाईत बुडवून मोकळे. ‘मायबाप सरकार, गरीबपरवर’ हे अर्ध्या पानाचं पालुपद त्यांनी आधीच लिहून ठेवलेलं असे. खाली फक्त नाव आणि गाऱ्हाणं भरायचं. तात्यांच्या पुढ्यात मात्र कागदच नसायचा. कमरेला हात-हाताच्या अंतरावर गाठी मारलेली एक सुताची दोरी असे. ती सोडून ते समोरच्याच्या हातात ठेवत आणि सांगत, जा, मोजून ये. शाळेला खोली हवी? आहे ती किती हात लांब, किती रुंद, आत पोरं किती मावतात, मोज. ओढ्यावर साकव हवा? पात्र मोज. लोक चिडून शेजारच्याकडे जाऊन बसायचे, आणि दोन महिन्यांनी नामंजूर झालेला कागद घेऊन मुकाट्याने दोरी मागायला यायचे.

चिडणाऱ्यांत मीही होतो. माझं डोकं आजही लवकर तापतं, तेव्हा तर मी बावीस वर्षांचा होतो आणि कल्याणच्या शाळेत मास्तरकी करत होतो, म्हणजे विचारायलाच नको. आमचं गाव दिवा गावाच्या पुढे, खाडीच्या काठावर. आम्ही जातीचे कोळी. गावच्या दोन्ही विहिरी मचूळ, आणि दिवाळी सरली की चक्क खाऱ्या. बायका भरतीची वेळ धरून होडीने मुंब्र्याच्या डोंगराखालच्या झऱ्यावर जायच्या आणि हंडे भरून परत यायच्या. त्या साली मार्गशीर्षात भरलेली होडी उलटली. दोन बायका गेल्या. त्यांतली एक माझी वहिनी. बापाने मला जाळं विणायला बसवलं होतं, तेव्हा याच वहिनीने भांडून मला शाळेत धाडलं होतं. तिच्या दहाव्यालाच मी ठरवलं की गावात गोड्या पाण्याची विहीर झाली पाहिजे. टेकडीच्या पायथ्याशी गोडं पाणी आहे हे म्हातारे सांगत. पण दहा हातांखाली कातळ. त्याला सुरुंग हवा, वरून बांधकाम हवं, आणि ते गावाच्या आवाक्यातलं नव्हतं. लोकल फंडाची कमिटी अशा कामांना मदत देते, एवढं मला ठाऊक होतं.

मी चार पानी अर्ज लिहिला. लिहिताना रडलोसुद्धा. तात्यांनी तो वाचला, पहिली दीड पानं सरळ दुमडली आणि म्हणाले, “मास्तर, अर्ज म्हणजे आरती नव्हे. देवाला घाई नसते, साहेबाला असते.” मग वहिनीच्या मजकुरावर आले. तिथे मी ‘हाय हाय’, ‘निर्दय काळ’ असलं बरंच काही घातलं होतं. ते सगळं त्यांनी खोडलं आणि एक ओळ ठेवली: होडी उलटून दोन बायका मेल्या, त्यांतली एक अर्जदाराची भावजय. मला त्या म्हाताऱ्याचा असा संताप आला की काय सांगू! माझ्या वहिनीची यांनी एक ओळ केली. मी कागद ओढून घेतला आणि चालू लागलो. त्यांनी हाक मारली नाही. पार कोपरीपर्यंत गेल्यावर ती ओळ माझ्या मनात पुन्हा आली, आणि या खेपेला अंगावर काटा आला. माझ्या चार पानांनी तसं झालं नव्हतं. शरमेने परत फिरलो. तात्यांनी दोरी पुढे केली.

पुढचे पंधरा दिवस मी मोजत होतो. झऱ्यापर्यंत जायला किती वेळ, यायला किती, ओहोटी लागली तर होडी चिखलात किती वेळ रुतते, घरं किती, हंडे किती. ते घेऊन गेलो की तात्या स्वतः साहेब होऊन बसत. टाचा जोडून, मान तिरकी करून, जांभया देत ऐकायचे आणि मध्येच “मग?” असं विचारायचे. त्या ‘मग’ला उत्तर नसेल तर वाक्य बाद. त्यांचा क्रम ठरलेला असे: काय हवं ते पहिल्या ओळीत, का हवं ते दुसऱ्या, आणि तुम्ही स्वतः काय घालणार ते तिसऱ्या. ही तिसरी ओळ लोक विसरतात, आणि अर्ज तिथेच पडतो असं त्यांचं म्हणणं होतं. आम्ही लिहिलं की वरची दहा हात माती गाव खोदेल, दगड गाव वाहील, सरकारने कातळाचं बघावं. अर्ज एका पानात बसला. वाचून मलाच वाटलं, याला नाही म्हणणारा माणूस जन्माला यायचाय.

माघात पाहणीला एक तरुण गोरा साहेब घोड्यावरून आला. गावात आदल्या दिवसापासून लगबग. साहेब येणार, म्हणजे पाहुणा येणार. पहाटेच्या भरतीला दोन होड्या झऱ्यावर गेल्या. नव्या कोऱ्या माठात पाणी ओतलं, त्यात वाळा टाकला. हे कशाला, असं कोणीतरी विचारलंही. तर माझी आई त्याच्यावरच उखडली, “पावन्याला खारा पानी कसा देवाचा?” सगळ्यांना ते पटलं. साहेब उन्हातून आला, दोन तांबे प्याला. घोडाही तेच प्याला. आणि साहेबापुढे तांब्या कोणी धरला? मीच, आणि तोही मोठ्या ऐटीत. एवढा शिकलेला, पण अक्कल पार गहाण टाकलेली. आठ दिवसांनी शेरा आला: गावचे पाणी स्वतः चाखले, गोड व उत्तम आहे, विहिरीची निकड दिसत नाही.

तात्या हसतील असं मला वाटलं होतं. कोणीही हसलं असतं. पण त्यांनी शेऱ्यातल्या ‘चाखले’ या शब्दावर बोट ठेवलं. कमिटीची उन्हाळ्यापूर्वीची शेवटची बैठक चौथ्या दिवशी होती. ती चुकली की पुढचं साल, म्हणजे आणखी एक हंगाम त्याच होड्या. मी म्हटलं, आता गावातल्या पन्नास जणांच्या सह्या घेऊन येतो. त्यांनी मान हलवली. मागणाऱ्याची साक्ष चालत नाही, साहेबाने जिभेने पाहिलंय, तर उत्तरही जिभेनेच द्यायला हवं, आणि ती जीभ कचेरीच्या ओळखीची हवी, असं म्हणून ते उठलेच. दुपारच्या भरतीला ते माझ्याबरोबर होडीत होते.

आमच्या अंगणात उभं राहून त्यांनी गावच्या विहिरीचं पाणी मागितलं. तात्या ब्राह्मण, अग्निहोत्री घराण्यातले. आईने हातच जोडले. “बामनाला आमचे घरचा पानी? मना पाप लागल,” म्हणाली. तात्यांनी तिला समजावलं की पाप लागलंच तर ते मागणाऱ्याला लागेल. शेवटी मीच तांब्या भरून दिला. फेब्रुवारीतलं ते पाणी म्हणजे मीठच. अर्ध्यावर त्यांना ओकारी आली. उपरण्याने तोंड पुसून त्यांनी उरलेलं संपवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जोडअर्ज लिहिला. पाहुण्याला खारं पाणी देणं हे लोक लाजिरवाणं मानतात, म्हणून साहेबांसाठी पाणी मुंब्र्याहून आणलं होतं, असं स्वच्छ सांगितलं. त्याखाली लिहिलं: गावचे पाणी मी स्वतः अर्जदाराच्या घरी प्यालो, ते पिण्याजोगे नाही. आणि खाली सही, पूर्ण नावानिशी. मी घाबरलो. कचेरीतले निम्मे कारकून त्यांच्याच ज्ञातीचे; अर्ज मोठ्याने वाचला जाणार. मी विनवलं की ‘प्यालो’ऐवजी ‘पाहिले’ लिहा.

“खारटपणा डोळ्यांना दिसतो होय रे?” ते म्हणाले. “ती ओळ काढलीस तर विहीर गेली.”

बैठकीच्या दिवशी मी कचेरीच्या पायऱ्यांवर सकाळपासून बसून होतो. उठायचा धीर होईना. चार वाजता पट्टेवाल्याने येऊन सांगितलं, मंजूर. मी तिथेच पायरीवर लहान पोरासारखा रडलो. तात्या चिंचेखाली दुसऱ्या कोणाला तरी आरती आणि अर्ज यांतला फरक सांगत होते. माझ्याकडे बघून त्यांनी नुसती मान डोलावली. मृगाच्या आत विहीर बांधून झाली. पाणी गोड लागलं.

तोवर ज्ञातीने तात्यांना वाळीत टाकलं होतं. पंगत गेली, भटजी बंद झाले, त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, हळदीकुंकवाचं बोलावणं येईना. आणि आळीतल्या आडावर पाणी भरायची बंदी झाली. आमच्या गावाला पाणी मिळालं आणि त्यांच्या घरचं तुटलं. पन्नाशी उलटलेल्या काकू लांबच्या तलावावरून घागरी आणू लागल्या. मी कल्याणहून आलो की भरून देतो म्हणायचो, तर माझ्या हातचं त्यांना चालत नव्हतं. तो त्यांचा धर्म होता, आणि मीही कधी राग मानला नाही.

तडजोडीला वाट होती. प्रायश्चित्त घ्यायचं आणि झाल्या गोष्टीचा पश्चात्ताप झाला आहे, असा अर्ज ज्ञातीला द्यायचा. तात्या तो विषयच काढू देईनात. एक दिवस काकूंनी मला ओसरीवर गाठलं. “तुझ्या गावापायी झालं ना हे? मग तूच लिही,” एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी लिहिला. तात्यांनी शिकवलेलं सगळं त्यात ओतलं. एक शब्द जास्त नाही, रडगाणं नाही, पहिल्या ओळीत मागणी, तिसरीत प्रायश्चित्ताची तयारी. त्यांनी तो दोनदा वाचला. सवयीने एका ठिकाणी शब्द बदलला.

“उत्तम झालाय. हमखास मंजूर होईल,” ते म्हणाले. मला आनंद झाला, तो तेवढ्यापुरताच. “पण मास्तर, मला पश्चात्ताप झालेला नाही. खोट्या मागणीवर मी आजवर कोणाची सही घेतली नाही. माझी कशी घेऊ?”

मी वाद घातला. काकूंसाठी तरी करा म्हटलं, आवाजही चढवला. ते ऐकून घेत राहिले, त्यांचे डोळे भरून आले, पण कागद त्यांनी माझ्याकडे परत सरकवला. काकू दाराआडून ऐकत होत्या. त्या घागर घेऊन तलावाकडे निघाल्या.

तात्या तिसऱ्या वर्षी गेले, वाळीतच. पुढे मी शाळांसाठी, साकवांसाठी, दवाखान्यांसाठी पुष्कळ अर्ज लिहिले, आणि बहुतेक मंजूर झाले. लोक मला हुशार म्हणतात. विद्या त्यांची आहे हे मी प्रत्येकाला सांगतो. पण तात्यांवरचा माझा त्या दिवशीचा राग अजून पुरता गेलेला नाही, हेही खरं. गावातल्या आमच्या बायका दारात पाणी भरतात. काकू शेवटपर्यंत तलावावर जात राहिल्या. हे बरोबर झालं की चूक, ते मला आजवर एका ओळीत लिहिता आलेलं नाही.